ताग्याचा रंग आणि पडद्यावरचा रंग
मल्टिमीडिया शिकणाऱ्या मुलीच्या चार प्रकल्पांतून एका कापड व्यापाऱ्याने घेतलेले धडे

कापडाचा व्यापारी माल हाताने ओळखतो. तागा उलगडला, दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे केला, की पोत, वजन आणि रंग यांचा अंदाज येतो. आमच्या वडिलांच्या काळापासून मालेगावात व्यवहार असाच होत आला. दलाल नमुन्यांची थैली खांद्याला लावून एस.टी.ने गावोगाव फिरे आणि ग्राहक नमुना हातात घेऊनच माल सांगे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले, दलालांची ये-जा थांबली. पुढे बाजार उघडला तेव्हा थैलीची जागा मोबाइलने घेतलेली होती. आता परगावचा व्यापारी फोनवर पहिली गोष्ट सांगतो ती हीच, "फोटो पाठवा."

फोटो पाठवणे ही सोपी गोष्ट आहे असे आम्हास वाटत होते. ती तशी नाही, हे चारशे साड्या परत आल्यावर कळले.

आमची धाकटी मुलगी २०२२ ते २०२४ या काळात नाशिकला मल्टिमीडियाचा अभ्यासक्रम शिकत होती. मल्टिमीडिया म्हणजे अक्षर, चित्र, आवाज आणि हलते चित्र यांना एकत्र गुंफून एखादी गोष्ट लोकांसमोर मांडणे. १९९० नंतरच्या दशकात हा शब्द सीडीबरोबर आपल्याकडे आला. आज हे सारे काम खिशातल्या फोनवर होते. दोन वर्षांत तिला चार प्रकल्प करावे लागले आणि चारही प्रकल्पांना तिने घरचाच विषय घेतला, तो म्हणजे कापड. चुका तिने केल्या, काही आम्ही तिच्याकडून करवून घेतल्या. त्यातून जे हाती लागले ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या कामाचे आहे, म्हणून येथे मांडत आहोत.

पहिला प्रकल्प : बारा साड्यांचे फोटो

पहिला प्रकल्प होता एखाद्या मालाची चित्रमय यादी तयार करण्याचा. मुलीने दुकानातील बारा रंगांच्या साड्या घेतल्या, गादीवर पसरल्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडात फोनने फोटो काढले. फोटोत डाळिंबी रंग मळकट दिसू लागला. तिने संगणकावर तो थोडा गडद केला. आम्ही शेजारीच बसलो होतो. आम्हीच म्हणालो, "अजून थोडा खुलव, बेटा." तिने खुलवला. चित्र इतके सुंदर झाले की आम्ही ते त्याच संध्याकाळी मराठवाड्यातील एका जुन्या ग्राहकास पाठवून दिले. त्याने डाळिंबी रंगाच्या चारशे साड्या मागवल्या.

माल पोहोचल्यावर त्याचा फोन आला. "शेठ, फोटोत डाळिंब होते, गाठोड्यात वीट निघाली."

माल परत आला. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले आणि पुढे तो माल नगामागे चाळीस रुपये तोडून विकावा लागला. म्हणजे सोळा हजार रुपये गेले, भाडे वेगळे. परंतु खरे नुकसान त्याहून मोठे होते. वीस वर्षांचा ग्राहक सहा महिने आमचा फोन उचलेना. मुलगी रडली, हा अभ्यासक्रमच नको म्हणाली. आम्ही तिला सांगितले की चूक तुझ्या हाताने झाली, पण सांगणारे तोंड आमचे होते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यास विचारण्यात आले, आणि जो फसवतो तो आमच्यापैकी नाही, हे बजावण्यात आले. आम्ही ही हदीस लहानपणी मदरशात ऐकली, दुकानात अनेकांना ऐकवली. पण संगणकावर रंग खुलवणे म्हणजे कोरडे धान्य वर रचणे होय, हे त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

उजेडाचा हिशोब

दुसऱ्या दिवशी बापलेक ओट्यावर बसलो. एका हातात साडी, दुसऱ्या हातात फोन. मुलीने पुस्तकातील प्रकरण काढले आणि आम्ही रंगाऱ्यांकडून ऐकलेले सांगू लागलो, तेव्हा दोघांचे म्हणणे एकच निघाले.

रंगाई करणारे जाणतात की दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो. दोन ताग्यांचे रंग ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात आणि बाहेर नेले की वेगळे पडतात. कारण रंग एकट्या कापडाचा नसतो. त्यावर पडणाऱ्या उजेडाचाही असतो. म्हणूनच मोठ्या गिरण्यांत आणि निर्यात मालाच्या तपासणीत रंग जुळवण्यासाठी ठरावीक दिव्यांची पेटी वापरतात, ज्यात दिवसाच्या उजेडासारखा दिवा असतो. आपल्याकडे ती पेटी नसली तरी अल्लाहने सर्वांना सारखा दिलेला दिवस आहे. उत्तरेकडील खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत कापडाच्या फोटोस उत्तम.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. फोनचा कॅमेरा आपल्या अकलेने रंग दुरुस्त करीत असतो. समोर सगळेच लाल कापड असले तर उजेडच लाल आहे असे तो समजतो आणि लाली कमी करून टाकतो. त्यावर उपाय असा की कापडाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. फोटोत तो कागद पांढरा दिसला तर कापडाचाही रंग बऱ्याच अंशी खरा आला असे समजावे. कागद पिवळट किंवा हिरवट दिसला तर फक्त तो पांढरा होईपर्यंत दुरुस्ती करावी आणि तेथे हात थांबवावा. दुरुस्ती आणि सजावट यांच्यातील हद्द या कागदाच्या तुकड्याने आखून दिली.

तिसरी गोष्ट विणीची. बारीक चौकटीच्या लुंगीचा फोटो काढला की पडद्यावर कधी कधी नसलेल्या लाटा उमटतात. ग्राहकाला वाटते मालात दोष आहे. कॅमेऱ्याच्या आतही बारीक ठिपक्यांची जाळी असते. तिच्यावर ताण्याबाण्याची जाळी पडली की दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतात तशा लहरी तयार होतात. याला मोआरे म्हणतात आणि गंमत अशी की हा शब्द पाणीदार लहरींच्या रेशमी कापडावरूनच आलेला आहे. कॅमेरा थोडा पुढे-मागे केला किंवा किंचित तिरका धरला की लाटा जातात.

एवढे करूनही प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, हे सत्य राहतेच. तोच फोटो आमच्या फोनवर एक रंग दाखवी आणि मुनीमजींच्या फोनवर दुसरा. म्हणून आता आम्ही प्रत्येक फोटोखाली लिहितो की अंतिम रंग कापडाच्या नमुन्यावरून धरावा, आणि चार बोटे रुंदीचा नमुना कुरिअरने पाठवतो. त्याबरोबर सुताचा नंबर, पन्हा, लांबी आणि साडीचे वजन हेही लिहितो. चित्र हाताला लागत नाही, वजन सांगत नाही, धुतल्यावर काय होईल हेही सांगत नाही. जे चित्र सांगू शकत नाही ते अक्षराने सांगावे.

छापाईबद्दलही येथेच सांगतो. साडीच्या पाकिटावर छापलेला पोपटी रंग फिका आला म्हणून आम्ही छापखानेवाल्याशी हुज्जत घातली होती. मुलीने समजावले की पडदा लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड मिसळून रंग दाखवतो आणि छापखाना चार शायांनी कागदावर रंग चढवतो. पडद्यावरचे काही झगझगीत रंग त्या शायांच्या आवाक्यातच नसतात. तेव्हा छापण्यापूर्वी कागदावरचा नमुना पाहावा, पडदा पाहून मंजुरी देऊ नये.

दुसरा प्रकल्प : सांचांचा आवाज

दुसऱ्या प्रकल्पात एखाद्या कामकऱ्याची मुलाखत आवाज आणि चित्र यांसह सादर करायची होती. मुलीने आमच्या थोरल्या बंधूंच्या कारखान्यातील एक वयस्कर विणकर निवडले. चाळीस वर्षे सांचा चालवलेला माणूस, बोलायला लागला की ऐकत राहावे. सांचे चालू असतानाच तिने फोन समोर धरून पाऊण तास मुलाखत घेतली. घरी येऊन ऐकते तो नुसती खटाखट. एक शब्द कळेना.

यातून तिने शिकलेला धडा असा की चित्र वाईट असले तर माणूस चालवून घेतो, परंतु आवाज वाईट असला तर उठून जातो. पुढच्या शुक्रवारी, आपल्या गावात कारखाने बंद असतात त्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर ती पुन्हा गेली. बाराशे रुपयांचा गळपट्टीला लावायचा माइक नेला. त्या शांततेत चाचा मनमोकळे बोलले. सांच्याचा आवाज तिने दुसऱ्या दिवशी वेगळा भरून घेतला आणि बोलण्याखाली अगदी मंद ठेवला.

सांच्याचा आवाज भरताना फोनवरील मापकाने ९५ डेसिबलच्या वरचा आकडा दाखवला. ८५ डेसिबलहून अधिक आवाजात रोज आठ तास राहिल्यास कानास धोका असतो, असे आरोग्यतज्ज्ञ मानतात. फोनचे मापक काटेकोर नसते हे खरे, पण सांच्याशेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावे लागते हे सांगायला मापक कशाला हवे? आम्ही आयुष्यभर त्या आवाजातून ये-जा केली आणि विणकर मंडळी घरातही मोठ्याने का बोलतात असा विनोद करीत राहिलो. मुलाखतीत चाचांनी सांगितले की नातवाचे बोलणे आता नीट ऐकू येत नाही. तो विनोद आम्ही पुन्हा केला नाही. बंधूंनी कानात घालावयाचे बोंडे आणून ठेवले आहेत. निम्मे लोक वापरतात, निम्मे खिशात ठेवतात. परंतु सुरुवात झाली.

कारखान्यात चित्रीकरण करू इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. फोनमध्ये सेकंदाला २५ चित्रे आणि शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंद असे ठरवून घेतले की बहुधा पट्टे नाहीसे होतात. मुलीचे पहिल्या दिवसाचे सर्व चित्रीकरण या एका कारणाने वाया गेले होते.

तिसरा प्रकल्प : आधी नक्शा, मग वीण

तिसरा प्रकल्प पाच मिनिटांच्या चित्रपटाचा होता. सुतापासून साडीपर्यंतचा प्रवास दाखवायचे ठरले. मुलगी सायझिंगमध्ये गेली, कांडी भरण्याच्या खोलीत गेली, सांच्यावर गेली, रंगाईवर गेली. जे दिसले ते टिपत गेली. सहा तासांचे चित्रण जमले. ते जोडायला बसल्यावर कळले की भीम सांच्यावर चढवतानाचे दृश्य टिपायचेच राहून गेले आणि फिरत्या चाकाचे दृश्य मात्र सतरा वेळा आले आहे.

आम्ही तिला विचारले, "नक्शा न काढता कोणी किनार विणतो का?" आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून नक्शा तयार होतो, त्यावरून पत्ते छिद्रले जातात, मग जेकार्ड त्याप्रमाणे धागे उचलते. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जाकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. १८३९ साली त्याच पद्धतीने रेशमात त्यांचे चित्र विणण्यात आले, त्यास सुमारे २४ हजार पत्ते लागले. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पत्त्यांची कल्पना घेतली आणि तेथून संगणकाचा इतिहास सुरू होतो. तेव्हा संगणकावरील चित्र हे विणकराला परके नाही. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र उभे करणे हे त्याचे जुनेच काम आहे.

मुलीने मग कागदावर चोवीस चौकोन आखले. प्रत्येकात काय दिसेल, कोणता आवाज असेल, किती सेकंद असेल हे लिहिले. दुसऱ्या खेपेस पन्नास मिनिटांच्या चित्रणात काम झाले. नक्शाला एक संध्याकाळ लागली, पण जोडणीचे चार दिवस वाचले.

साधने नाहीत ही सबब मालेगावात तरी कोणी सांगू नये. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तेव्हा डाकूंना घोडे नव्हते, सायकली होत्या. त्यांच्या पुढील खटपटीवर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि २०२४ साली 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट. कोणास हा छंद रुचेल, कोणास रुचणार नाही. ती चर्चा येथे नको. परंतु थोडक्या पैशात, आहे त्या वस्तूंतून काम उभे करण्याची हिकमत या गावाला आहे, एवढे त्यातून घ्यावे. मुलीचा सर्व खर्च एक तिपाई, तो माइक आणि उजेड परतवण्यास पांढरा थर्माकोल, असा अडीच हजारांच्या आत बसला.

कांडी भरणाऱ्या बाईंची गोष्ट

या चित्रपटात एक प्रसंग असा घडला की तो सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. कांडीच्या खोलीत एक बेवा बाई कांड्या भरतात. मुलीने त्यांचे चित्रण केले, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडलेला, फार सुरेख. परवानगी तिने घेतली होती, ती आपल्या मोठ्या अब्बांकडून, म्हणजे कारखान्याच्या मालकांकडून. प्रकल्प देण्याच्या आदल्या दिवशी तिने सर्वांना चित्रपट दाखवला. खेळ संपल्यावर त्या बाई थांबून राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेटी, माझ्या मुलीच्या सासरी माहीत नाही की मी कांड्या भरते."

मुलगी त्या रात्री झोपली नाही. चेहऱ्याची सर्व दृश्ये तिने काढून टाकली. केवळ हात ठेवले, तेही बाईंना विचारून. चित्रपटाचा तो भाग तुटक राहिला आणि गुणही थोडे कमी मिळाले. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. आता ती चित्रण सुरू करण्यापूर्वी प्रत्येक माणसाला स्वतंत्रपणे विचारते, ते कोठे दाखवले जाईल हे सांगते आणि काढलेले चित्र त्याला आधी दाखवते. कारखान्याचा मालक सांच्याचा मालक असतो, मजुराच्या चेहऱ्याचा नसतो. आपल्यापैकी अनेकजण दुकानाच्या जाहिरातीत कारागिरांचे चित्रण बेधडक टाकतात. त्यांनी या बाईंचे शब्द ध्यानात ठेवावेत. चेहरा ही अमानत आहे.

याच चित्रपटाला तिने आधी एका सिनेमाच्या गाण्याची चाल लावली होती. शिक्षकांनी ती काढावयास लावली, कारण दुसऱ्याच्या संगीतावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याचा हक्क असतो. हाच नियम फोटोंनाही लागू आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या साडीचा फोटो उचलून आपल्या यादीत घालणे ही आपल्या बाजारात रोजची गोष्ट झाली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जो माल आपल्याकडे नाही तो आपला म्हणून दाखवणे कोणत्या तिजारतीत बसते? मुलीने शेवटी संगीताऐवजी सांच्याचाच ताल ठेवला.

अक्षरांचा घोळ

चित्रपटाचे नाव तिने मराठीत आणि उर्दूत लिहिले. पडद्यावर उर्दू नाव आले ते उलटे आणि सुट्या अक्षरांचे. मुलीचे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्याने तिला ते खटकले नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. पाहताक्षणी म्हणालो, हे तर वाचताच येत नाही. दोन वर्षांत तिला आमचा अभ्यास कामी आला तो या एका जागी, आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्याचा आनंद झाला.

कारण असे की उर्दू उजवीकडून चालते आणि तिचे अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये व अखेरीस वेगळे रूप घेते. ज्या प्रोग्रामला हे शिकवलेले नसते तो अक्षरे सुटी करून डावीकडून मांडतो. मराठीची जोडाक्षरेही तशीच फुटतात. दुसरी अडचण जुन्या मजकुराची. १९९४ साली आलेल्या इनपेजने उर्दू छपाईची मोठी सोय केली, परंतु त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे नेला तर निरर्थक चिन्हे उमटतात. जुन्या मराठी फॉन्टचेही तेच. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि छापण्यापूर्वी ती भाषा वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून घालावा. दुकानाच्या पाटीवर चुकलेले अक्षर दहा वर्षे टिकते.

चौथा प्रकल्प : दलाल चाचांची परीक्षा

शेवटचा प्रकल्प म्हणजे फोनवर चालणारी साड्यांची यादी, ज्यात पाहणारा स्वतः रंग निवडेल, भाव पाहील, मागणी नोंदवील. मुलीने ती महाविद्यालयाच्या मोठ्या संगणकावर तयार केली. तेथे ती फार शोभिवंत दिसत होती. आमचे जुने दलाल चाचा सत्तरीच्या पुढचे, त्यांचा फोन साधा. त्यांच्या फोनवर ती उघडेचना. एकेक फोटो आठ-दहा एमबीचा होता.

फोटो लहान केले, तेव्हा यादी उघडली. मुलीने चाचांना काहीही न सांगता फोन हातात दिला आणि वहीत नोंद करीत बसली. चाचांनी प्रथम साडीच्या चित्रावर बोट दाबले, कारण त्यांना पदर मोठा करून पाहायचा होता. तेथे काहीच होत नव्हते. मग भाव शोधला. तो तीन पाने आत होता. मागणीच्या खुणेचे अक्षर इतके बारीक की चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. अखेरीस म्हणाले, "बेटी, तू हे स्वतःसाठी केलेस. माल तर आम्हाला विकायचा आहे."

तिने चित्र मोठे होण्याची सोय केली, भाव चित्राखाली आणला, अक्षर दुप्पट केले. काही शोभेची दृश्ये काढून टाकावी लागली, त्याचे तिला वाईट वाटले. पण त्या आठवड्यात चाचांनी त्याच यादीवरून दोन व्यवहार जमवले.

या प्रकल्पाच्या वेळी आणखी एक संकट आले. प्रकल्प देण्यास तीन दिवस असताना तिची हार्ड डिस्क बंद पडली आणि सर्व काम तिच्यातच होते. तीन दिवस आणि तीन रात्री खपून तिने ते पुन्हा उभे केले. आमच्या वडिलांची वही दुकानात असे, तिची नक्कल घरी असे. गिरणा-मोसमला पूर आला काय किंवा पुढे दंगलीत बाजार बंद राहिला काय, हिशोब शाबूत राहावा हा हेतू. आज आमचे हिशोब, फोटो, ग्राहकांचे पत्ते सगळे एका फोनमध्ये, आणि तो फोन सदऱ्याच्या खिशात. तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुकानाबाहेर. हा नियम मुलीने आता आमच्याकडूनही पाळून घेतला आहे. फोटोला तारीख आणि मालाचा नंबर हेच नाव द्यावे, म्हणजे शोधताना वेळ जात नाही. तसेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला तर त्याचा दर्जा उतरतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ रूपात जातो.

शेवटी एवढेच

मराठवाड्याच्या त्या ग्राहकाला आम्ही वर्षभराने पुन्हा फोटो पाठवला. उत्तरेच्या खिडकीत काढलेला, कडेला पांढरा कागद, खाली सूत, पन्हा आणि वजन लिहिलेले. कुरिअरने कापडाचा तुकडाही पाठवला, आणि एका चिठ्ठीत लिहिले की मागच्या वेळी रंग आम्ही वाढवला होता, चूक आमची होती. त्याचा लगेच फोन आला नाही. महिन्याने आला. नेहमीच्या चारशेऐवजी त्याने दीडशे साड्या मागवल्या. विश्वास पूर्वीइतका भरलेला नाही, हे आम्ही समजतो. तो तुटायला एक फोटो पुरला, भरायला किती लागतील ते अल्लाहच जाणे.

मुलीला नाशिकलाच नोकरी लागली आहे. ती घरी येते तेव्हा उत्तरेच्या खिडकीपाशी बसून नव्या मालाचे फोटो काढते. आम्ही शेजारी असतो, पण रंग खुलव असे आता म्हणत नाही. ज्या बंधूंची मुले-मुली हे शिकत आहेत त्यांनी त्यास खेळ समजू नये आणि नुसता फायद्याचा धंदाही समजू नये. त्यांना दुकानात उजेडाची एक जागा द्यावी, त्यांच्या कामासाठी वेळ द्यावा आणि त्यांच्याकडून खोटे चित्र मागू नये.

अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपला माल जसा आहे तसाच दाखवण्याची हिंमत देवो. आमीन.